आईला ताप नव्हता

आमच्या घरात आजारी पडण्याचं काम बाबांकडे होतं. बाकीची सगळी कामं आईकडे होती.

बाबांनी आयुष्यभर नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या होलसेल दुकानात काउंटरवर नोकरी केली. गिऱ्हाईकासमोर थान उलगडून दाखवायची सवय त्यांच्या हाडात इतकी मुरली होती की आजारपणही ते तसंच दाखवायचे. नुसतं पडसं झालं तरी आधी सुरुवात कुठून झाली ते, मग ते कसं वाढत गेलं ते, आणि शेवटी हात पसरून, आता बघा, तुम्हीच सांगा. समोरच्यानं "बापरे" म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. सत्तरी ओलांडल्यावर तर त्यांना पथ्यपाण्याचा हक्कच मिळाला. आई त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. तिला साखरेचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या, पण त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलायची.

त्या वर्षी थंडी जाता जाता शहरात स्वाइन फ्लू आला. पेपरात आधी आतल्या पानावर आला, मग बाहेरच्या पानावर. सदर भागातल्या ज्या ऑफिसात मी हिशेब तपासायचं काम करते तिथे कोरोनातल्या सॅनिटायझरच्या बाटल्या पुन्हा टेबलावर आल्या. त्या सुकून गेल्या होत्या, पण कोणी हटवल्या नाहीत. लोक म्हणत होते, स्वाइनच आहे ना, कोरोना थोडीच आहे. जणू दोघांपैकी एकाला आपण चांगलं ओळखतो.

त्याच सुमारास बाबांच्या पुतण्याचं लग्न पारशिवनीला होतं. बाबांचं मूळ गाव तिथून जवळच आहे, काकांची शेती अजून तिकडेच आहे. मांडवात खोकल्याचा आवाज बँडच्या मधल्या जागेत स्पष्ट ऐकू येत होता. पंगतीत माझ्या बाजूला बसलेल्या एका काकूंनी मला समजावलं, "हे धुळीनं होऊन राहिलं वं. ती बीमारी नागपूरची आहे, इकडे नाही येत." पंगतीतले अर्धे लोक सकाळीच नागपूरहून बसनं आले होते.

लग्नाहून परतल्यावर बाबांना ताप भरला. अंग दुखत होतं, घसा धरला होता, कोरडा खोकला थांबत नव्हता. आईनं वेळ घालवला नाही. सकाळीच त्यांना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, बाबांचं वय आणि बीपी बघून फ्लूच्या कॅप्सूल लगेच सुरू केल्या, वेगळ्या खोलीत झोपा म्हणाले, मास्क लावा म्हणाले. घरी आल्यावर आईनं मला फोनवर सगळं सांगितलं. डॉक्टर काय बोलले, मधे कोण पेशंट पिशवी घेऊन आत घुसला, त्याला कंपाउंडरनं काय म्हटलं, आणि मग पुन्हा डॉक्टर काय बोलले. कशाकशाकडे लक्ष ठेवायचं तेही तिनं मला पाठ म्हणून दाखवलं. दम लागला, छातीत दुखलं, माणूस गुंगीत राहायला लागला, ओठ काळेनिळे दिसले, किंवा उतरलेला ताप परत चढला, तर घरी थांबायचं नाही.

लग्न होऊन वेगळी राहायला लागल्यापासून मी दुपारी डबा खाताना तिचा फोन टेबलावर स्पीकरवर ठेवायची. तिला उत्तर लागत नसे. मधून मधून "हं" म्हटलं की पुरायचं. पोळीभाजी संपायची, तिची गोष्ट संपायची नाही.

बाबांचा आजार नेहमीप्रमाणे देखणा झाला. ताप एकशे तीनपर्यंत गेला. हा आकडा त्यांनी पारशिवनी, काटोल आणि पुण्यापर्यंत फोनवरून कळवला. पुण्याच्या आत्यांनी आमच्याकडे एकशे चार होता असं सांगितलं, तर बाबांनी बरेच दिवस त्यांच्याशी बोलणंच टाळलं. आई दारातून ताट आत सरकवायची, काढायची, पाणी गरम करायची. कॅप्सूल संपत आल्या तसा ताप उतरला. खोकला राहिला, पण एका दुपारी ते खोलीबाहेर येऊन म्हणाले, "तोंडाले चव नाही राहिली. पाटोडीचा रस्सा खावासा वाटते."

पाटोडी म्हणजे बेसन शिजवून, ढवळून ढवळून घट्ट करायचं, थापायचं, वड्या पाडायच्या आणि तिखट रश्शात सोडायच्या. ढवळताना हात भरून येतो. बरं नसलेल्या माणसानं करण्याचा हा पदार्थ नाही. पण आईला बरं नाही हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला, फोन लावला. मार्च महिना होता, ऑफिसात फायलींचे ढीग होते, सगळे जेवतानाही कागद चाळत होते.

"पाटोडी केली का?" मी विचारलं.

"केली... ना," आई म्हणाली. "तुह्या बाबाले... आवडली."

मी घास घेतला आणि पुढची वाट बघत बसले. पुढे काही आलं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. आमच्या ऑफिसात नेटवर्क खिडकीपाशी येतं आणि तिथेच थांबतं. मी फोन घेऊन खिडकीपाशी गेले.

"आई, ऐकू येतंय का?"

"येते... ना. बोल."

"तू बोल."

"काय... बोलू."

हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, रागावली असेल. रविवारी येते म्हणून सांगून मी गेले नव्हते. मग आठवलं की रागावली की ती जास्त बोलते.

"तू जिना चढून आलीस का कुठला?"

"नाही वं. बसून... राहिली."

बसलेल्या माणसाच्या शब्दांमध्ये एवढी जागा का पडावी, हे मी विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवते." आणि तिनं फोन ठेवला. आमच्या दोघींच्या इतक्या वर्षांच्या फोनांत तिनं आधी ठेवल्याची ही पहिलीच वेळ असावी.

मी डबा बंद केला आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

"आईला बरं नाहीये. घरी जाते."

सरांनी समोरच्या ढिगाकडे बघितलं. "ताप आहे का?"

"माहीत नाही."

"मग काय होतंय?"

"कमी बोलतेय."

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांची आईही त्यांच्याच घरात राहते. बहुतेक त्यांना ते लक्षण वाटेना. पण ते "जा" म्हणाले.

नंदनवनला आई-बाबांच्या घरी पोचले तर दार बाबांनी उघडलं. गळ्यात मफलर होता, चेहरा बराच टवटवीत होता.

"अरे, तू कशाले आली एवढ्या उन्हाची?" ते म्हणाले. "मी आता बरा आहो."

"आई कुठंय?"

"किचनमध्ये बसून राहिली. थकली म्हणते."

आई ओट्यासमोरच्या स्टुलावर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकली होती, शर्यत संपल्यावर माणूस वाकतो तशी. खांदे वरखाली होत होते. मला बघून ती हसली आणि हसण्याचाही तिला त्रास झाला.

"काहून... आली वं," ती म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. थंड होतं, जरा ओलसर.

"तिले ताप नाही," बाबा मागून म्हणाले. "मी सकाळीच पाहिला. सत्त्याण्णव. मले एकशे तीन होता."

ओट्यावर चहाच्या डब्याच्या मागे तापाच्या गोळ्यांची पट्टी होती. जवळजवळ रिकामी. मी ती उचलली.

"ही कधी घेतलीस?"

"सकाळी. डोकं... दुखून राहिलं होतं."

"आणि काल?"

तिनं चहाचा डबा सरळ केला. परवाचं मी विचारलं नाही. पट्टी बघून कळत होतं. सकाळी गोळी घ्यायची आणि मग बाबांसमोर थर्मामीटर लावून घ्यायचा, अशी तिची व्यवस्था चालली होती.

कोरोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र कपाटात होतं, पण त्याचे सेल गेले होते. बाबांनी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून दिले. त्यांच्या बाजूनं हा मोठा त्याग होता, दुपारची त्यांची मालिका लागायची वेळ झाली होती. मी यंत्र आईच्या बोटाला लावलं. आकडा हलला, थांबला. अठ्ठ्याऐंशी.

"ते नेलपॉलिशनं दाखवते," बाबा म्हणाले. "कोरोनात सांगून राहिले होते, नेलपॉलिश असली की कमी येते."

लग्नासाठी लावलेली मरून नेलपॉलिश आईच्या नखांवर अजून होती. बाबांचं म्हणणं चूक नव्हतं. मी यंत्र त्यांच्या बोटाला लावून बघितलं, सत्त्याण्णव आलं. मग आईचा अंगठा शोधला, भांडी घासून त्यावरचा रंग निघून गेला होता. तिथे लावलं. आम्ही तिघंही त्या लाल आकड्याकडे बघत होतो. एकोणनव्वद.

"एकानं वाढला," बाबा म्हणाले. पण ते पुटपुटले, आणि मफलर काढून खुर्चीवर ठेवला.

"चल, डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"सांजच्याले... जाऊ."

"आता."

"तुह्या बाबाचं... जेवण..."

"आई, बोलू नको. चल."

साडी बदलायची होती, ती मी बदलू दिली नाही. दूध तापवायचं होतं. कुकरमध्ये डाळ होती. बाबा म्हणाले, "मी पाहतो," आणि आई पहिल्यांदा घाबरलेली दिसली.

गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जाणं दोन मिनिटांचं, पण मी ऑटो बोलावला. डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये सगळे बाक भरलेले होते, सगळे मास्क हनुवटीवर ठेवून खोकत होते. कंपाउंडरनं आईकडे एकदा बघितलं आणि नंबर न विचारता आत सोडलं.

डॉक्टर गेली पंचवीस वर्षं आईचं बोलणं ऐकत आले आहेत. बहुतेक वेळा ते लिहिता लिहिता ऐकतात. त्या दिवशी त्यांनी पेन ठेवलं.

"एका दमात एक ते दहा म्हणून दाखवा," ते म्हणाले.

आई म्हणायला लागली. पाचावर थांबली. श्वास घेतला, सहा म्हणाली, आणि जणू पकडली गेल्यासारखी खाली बघायला लागली.

डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना, खाली, पुन्हा खाली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या बाबांना घेऊन आल्या होत्या त्या दिवशी मी यांना सांगितलं होतं. तुम्हाला शुगर आहे. घरात पेशंट आहे. तुम्हाला थोडं जरी काही वाटलं तर त्याच दिवशी या, ताप असो नसो. सांगितलं नाही का यांनी तुम्हाला?"

त्या दिवशीच्या फोनवर मला कंपाउंडर, मधे घुसलेला पेशंट आणि त्याची पिशवी एवढं सगळं कळलं होतं. हे एवढंच राहिलं होतं. मी आईकडे बघितलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"टेस्टसाठी इथे थांबू नका," डॉक्टर म्हणाले. "पहिली कॅप्सूल मी इथेच देतो. हॉस्पिटलमध्ये फोन करतो, ऑक्सिजनची सोय आहे त्यांच्याकडे. तुम्ही निघा. कपडे घ्यायला घरी जाऊ नका."

"आज?" मी विचारलं. कळलेलं असूनही माणूस विचारतो.

"आत्ता."

ऑटोत बसल्यावर आईनं माझा हात धरला. मेडिकल चौकापर्यंत तो घट्ट धरून ठेवला. मग मास्कच्या आतून म्हणाली, "मले तिथं... नको टाकू वं."

"टाकत नाहीये. नेतेय."

"तुही मावशी... अशीच... गेली होती."

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. कोरोनात ती स्वतःच्या पायांनी, हातात स्वतःची पिशवी घेऊन दवाखान्याच्या दारातून आत गेली. दारात वळून आईला म्हणाली होती, दोन दिवसांत येते. नंतर आमच्याकडे परत आला तो तिचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत. आई तो अजून चार्ज करून ठेवते.

तेव्हा मला सगळा प्रकार कळला. आईला लक्षणं ओळखता आली नाहीत असं नव्हतं. आमच्या घरात ती तिच्याइतकी कोणालाच पाठ नव्हती. बाबांच्या बाबतीत एक रात्रही तिनं जाऊ दिली नाही. स्वतःची ओळखली तेव्हा मात्र तिला त्या लक्षणांच्या पुढचं दवाखान्याचं दार दिसलं, म्हणून ती गोळ्या घेत राहिली आणि बेसन ढवळत राहिली.

मला समजूत घालता येत नाही. घरात ते काम आईचं आहे. मी म्हटलं, "मावशी घरीच काढे घेत बसली होती. शेवटी नेलं तिला. तू आजच चाललीस."

ती रस्त्याकडे बघत राहिली.

"आणि मी दारातच बसणार आहे. तुझा फोन तुझ्याजवळ राहील. मी बोलेन."

"तू?" ती म्हणाली. त्या एका शब्दात बरंच काही होतं. मग मान हलवून म्हणाली, "हौ."

आईशी वाद घालून जिंकण्याची माझी ही पहिली वेळ. तिच्याकडे श्वास असता तर मी हरले असते, आणि मला तेच जास्त आवडलं असतं.

हॉस्पिटलमध्ये छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसांत खालच्या बाजूला पांढरं दिसत होतं. नाकातून नमुना घेतला. वॉर्डची डॉक्टर माझ्यापेक्षा बरीच लहान होती, पण तिच्या डोळ्यांखाली माझ्यापेक्षा जास्त काळं होतं. तिनं सांगितलं की रिपोर्ट उद्या येईल, पण औषध रिपोर्टची वाट बघत नाही, ते चालूच राहील. आईला वेगळ्या वॉर्डात घेतलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला आणि बोलायचं नाही असं बजावलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. त्यात जे होतं ते आम्हाला माहीतच होतं.

वॉर्डच्या दाराला एक उभी काच होती. काचेतून तिचा पलंग दिसायचा, तिसरा. मी बाहेरच्या बाकावर बसून फोन लावायची, नर्स तो उचलून तिच्या उशीशी ठेवायची, आणि मग मी काचेपाशी उभी राहून बोलायची. पलीकडून फक्त ऑक्सिजनचा फुसफुस आवाज यायचा.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आई, मी बोलतेय." मग काय बोलायचं ते सुचेना. "इथे दाराला हिरवा रंग आहे," मी म्हटलं. "बाहेर पाण्याचं मशीन आहे. चालू आहे."

आईनं पलंगावरून माझ्याकडे बघितलं आणि मनगट वळवून पंजा उघडला. मग? पुढे?

पुढे काय, मला कळेना. इतकी वर्षं मी फक्त "हं" म्हणत आले होते. मी तिला सांगितलं की बाबांनी डाळ गॅसवर ठेवली आणि कुकरची शिटी लावायला विसरले. तिचे डोळे मोठे झाले. मग मी सांगितलं की शेजारच्या काकूंनी येऊन गॅस बंद केला. पंजा पुन्हा उघडला. काकू काय म्हणाल्या? काकू काय म्हणाल्या ते मला माहीत नव्हतं. मी बाकावर येऊन बाबांना फोन करून विचारलं, आणि परत जाऊन सांगितलं. त्यानंतर मी रोज आधी माहिती गोळा करायला लागले. बाबांनी बीपीची गोळी घेतली का, दूधवाला काय म्हणाला, ऑफिसात माझ्या फायली आता कोण बघतं आणि ती त्या कशा चुकीच्या लावते. माझ्या नवऱ्यानं एकदा मला बाकावर बसून सांगायच्या गोष्टींची उजळणी करताना बघितलं. तो चहा आणायला गेला.

मधे दोन दिवस वाईट गेले. मास्कनं भागेना, ऑक्सिजन जोरात सोडणारं मोठं मशीन लावलं. डॉक्टर म्हणाली, आता थोडं थांबून बघू, आणि ती वाक्य पूर्ण करून झाल्यावरही तिथेच उभी राहिली, त्यावरून मला समजलं. त्या दिवशी बाबांना आणलं. मास्क लावून ते काचेपाशी उभे राहिले. ज्यांना नुसत्या पडशाबद्दल अर्धा तास बोलता यायचं ते तिथे एक अक्षर बोलले नाहीत. आईनं डोळे उघडले. बाबांनी हात वर केला, बसस्टँडवर सोडायला आलेला माणूस करतो तसा, आणि लगेच खाली घेतला.

मग ते डॉक्टरकडे वळले. "मॅडम, तिले ताप नव्हता. मी स्वतः पाहिला होता."

"बाबा, गोळी घेतली की ताप उतरतो," डॉक्टर म्हणाली. "आणि वय असलं, शुगर असली की कधी कधी ताप फार चढतच नाही. आजार आत वाढत असतो. दम लागतोय का, बोलताना थांबावं लागतंय का, ते बघायचं. तुमच्या मुलीनं तेच बघितलं."

बाबांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "मी तिच्यासंग एकाच घरात होतो बेटा." एवढंच. पुढे ते बराच वेळ पाण्याच्या मशीनजवळ उभे होते. मी बघितलं तेव्हा ते कोणा अनोळखी माणसाला सांगत होते, त्याचंही कोणी आत होतं, "फक्त ताप नका पाहू भाऊ. माणूस बोलते कसा, ते पाहा."

त्याच आठवड्यात माझा घसा दुखायला लागला. आता मी एकही गोष्ट उद्यावर टाकणार नव्हते. तासाभरात आई-बाबांच्या गल्लीतल्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. त्यांनी टॉर्च लावून बघितलं, बोटाला यंत्र लावलं, छाती तपासली, एक ते दहाही म्हणवून घेतले. मी वीसपर्यंत गेले.

"फ्लू दिसत नाही," ते म्हणाले. "खूप बोलणं होतंय का सध्या?"

"हो."

"सवय आहे?"

"नाही."

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. ताप आला, दम लागला तर लगेच या."

मोठं मशीन निघालं, पुन्हा साधा मास्क आला, मग नाकातली बारीक नळी. ज्या दिवशी नळी आली त्या दिवशी फोनवर फुसफुशीच्या जागी आईचा आवाज आला, बसलेला, पण सलग.

"तुह्या बाबाले सांग, रात्री झोपताना सिलिंडरचं बटण बंद करत जा म्हणावं."

मी काचेपाशी उभी होते. नर्सनं नंतर मला विचारलं की पेशंट काही वाईट बोलल्या का, कारण मी डोळे पुसत होते. मी म्हटलं, नाही, सिलिंडरबद्दल बोलली.

आई घरी आली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. खोकला बरेच दिवस राहिला, बाथरूमपर्यंत जाऊन आली की पलंगावर बसून घ्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताकद यायला वेळ लागेल, आणि पूर्ण बरं वाटलं की दोघांनीही फ्लूची लस घ्यायची, दरवर्षी. बाबा स्वयंपाक करत होते. खिचडी करत होते, एवढंच म्हणता येईल. आई ती खात होती आणि काही म्हणत नव्हती, त्यामुळे बाबांना खिचडी चांगली होते असं वाटायला लागलं.

एका रविवारी मी आतल्या खोलीत तिच्या धुतलेल्या साड्यांच्या घड्या घालत होते आणि ते दोघं बाहेर बसले होते. कूलर नुकताच लावला होता, त्याचा आवाज होता, त्यामुळे ते नेहमीपेक्षा जोरात बोलत होते.

"तू काहून नाही सांगितलं वं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही बीमार होते."

"मी बरा झालो होतो. पाटोडी मागितली ना मी."

"हौ. तेव्हाच समजलं, बरे झाले म्हणून."

बाबांनी घसा खाकरला.

"मले दम लागून राहिला होता असं तू सांगितलं असतं, तर मी पाटोडी मागितली असती काय?"

"नाही."

"मंग?"

"सांगितलं की नेलं असतं तुम्ही. नेलं की..." आई थांबली. दमामुळे नव्हे. "ताईचा फोन येऊन राहिला होता सारखा डोळ्यापुढं."

बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "काचेतून पाहिलं तेव्हा. कोणाले सांगितलं नाही."

"दिसत होतं," आई म्हणाली.

मी घडी केलेली साडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा तिची घडी घातली, म्हणजे बाहेर जायला अजून थोडा वेळ लागेल.

पुढे ती हळूहळू चालायला लागली. आधी फाटकापर्यंत, मग शेजारच्या कडुनिंबापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत. ऊन उतरल्यावर दोघं निघायचे. वाटेत तिला थांबावं लागायचं, तेव्हा बाबाही थांबायचे आणि कोणाच्या तरी फाटकावरची पाटी वाचल्यासारखं करायचे. गल्लीतल्या सगळ्या पाट्या त्यांच्या पाठ झाल्या. मग ती "चला" म्हणायची आणि ते निघायचे.